हिब्रू संदेष्ट्यांचा अग्नी आणि न्यायाची कल्पना

जुन्या करारातील संदेष्ट्यांचे ग्रंथ मराठीतून वाचू लागणाऱ्याला सर्वांत आधी जाणवते ती त्यांतील आग. नगरांच्या तटांना ती लागते, राजवाडे गिळते, धसकटासारखी माणसे तीत जळून जातात, आणि अखेरीस येऊ घातलेला दिवसही पेटलेलाच उगवतो. या आगीचा अर्थ लावण्याच्या दोन वाटा आपल्याकडे रूढ आहेत. पहिल्या वाटेने जाणारे म्हणतात की, हा कोपिष्ट देवाने पाप्यांना दिलेला दंड होय, पुढे वर्णिलेल्या नरकाग्नीची ही पूर्वछाया. दुसरी वाट अधिक सुसंस्कृत दिसते. अग्नी शुद्ध करतो, सोने तापल्यावाचून झळकत नाही, तेव्हा संदेष्ट्यांचा अग्नी म्हणजे आत्मशुद्धीचे प्रतीक, असे तिचे म्हणणे. पहिलीने या वाङ्मयाविषयी अप्रीती उत्पन्न होते, तर दुसरीने खोटी जवळीक. माझ्या मते दोन्ही अपुऱ्या आहेत. आणि त्या का अपुऱ्या आहेत हे पाहू गेल्यास प्रश्न केवळ अर्थनिर्णयाचा न राहता अनुवादाचा होतो, कारण वाचक कोणत्या वाटेने जाणार हे पुष्कळदा अनुवादकाच्या एखाद्या शब्दानेच ठरून जाते.

प्रथम 'अग्नी' या शब्दाचाच विचार करू. हिब्रूत आगीला साधा शब्द आहे 'एश'. चुलीतला विस्तव, रानातला वणवा, वेदीवरची ज्वाला, शत्रूने लावलेली आग या सर्वांना तो चालतो. मराठीत आग आणि अग्नी यांच्यात मात्र केवळ तद्भव-तत्समाचे अंतर नाही. अग्नी म्हटले की एक देवता उभी राहते. ऋग्वेदाचा आरंभ तिच्या सूक्ताने होतो. ती हवी देवांपर्यंत पोचवते, म्हणून हव्यवाहन. ती पवित्र करते, म्हणून पावक. विवाहात ती साक्षी असते आणि सीतेच्या शुद्धीची ग्वाहीही तीच देते. थोडक्यात, आपला अग्नी मध्यस्थ आहे. हिब्रू संदेष्ट्यांची आग कोणाची मध्यस्थ नाही. ती यहोवाच्या हातातले साधन आहे, कधी त्याच्या सान्निध्याची खूण आहे, पण स्वतः ती कोणीही नव्हे. कर्मेल पर्वतावर एलीयाच्या वेदीवर आकाशातून आग उतरली, हे राजांच्या पहिल्या ग्रंथात येते. पण लगेच पुढच्या अध्यायात त्याच एलीयाला होरेबावर आग दिसते आणि तीत यहोवा नव्हता असे ग्रंथकार स्पष्ट सांगतो. दोन्ही प्रसंग शेजारीशेजारी ठेवणाऱ्याला आपण काय करीत आहोत याची पुरेशी जाणीव असावी.

याहून सूक्ष्म अडचण दुसरीच आहे. मराठी मनात अग्नी आणि न्याय यांची गाठ घातली आहे ती दिव्याने. मराठेशाहीतील न्यायपद्धतीत साक्षीपुराव्याने वाद मिटेना तेव्हा दिव्य करीत. उकळत्या तेलातुपातून धातूचा तुकडा हाताने काढण्याचे रवादिव्य तर प्रसिद्धच आहे. हात भाजला की माणूस खोटा, न भाजला तर खरा. येथे अग्नी हा पुरावा आहे: जे कोणाला ठाऊक नाही ते तो उघड करतो, आणि निर्दोषाला सोडतो. 'अग्निपरीक्षा' हा शब्द आपण आजही याच अर्थाने वापरतो. संदेष्ट्यांच्या न्यायसभेत मात्र अज्ञात असे काहीच नसते. गरिबाला कोणी विकले, खोटी मापे कोण वापरतो, लाच घेऊन निकाल कोण फिरवतो, हे वेशीत बसणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. आगीने तेथे काही सिद्ध करावयाचे नाही. मोशेच्या नियमशास्त्रात संशयित स्त्रीसाठी पाण्याचे दिव्य सांगितले आहे, अग्नीचे नाही. दानीएलाच्या ग्रंथातील तीन तरुण धगधगत्या भट्टीतून सुखरूप बाहेर येतात ही कथा आपल्याला दिव्यासारखी भासते खरी. पण ती भट्टी परक्या राजाने पेटवलेली आहे, आणि तो भाग संदेशाचा नसून आख्यानाचा आहे.

मग ही आग कोठली? आमोसाच्या ग्रंथापाशी हा प्रश्न विचारला तर उत्तर आश्चर्यकारक रीतीने ऐहिक मिळते.

आमोस इ. स. पूर्व आठव्या शतकाच्या मध्याचा. यहूदातील तकोवा गावचा, मेंढरे आणि उंबराची झाडे सांभाळणारा माणूस. त्याच्या ग्रंथाचा आरंभ आठ आरोपपत्रांनी होतो. दिमिष्क, गज्जा, सोर, अदोम, अम्मोन, मवाब, यहूदा, आणि शेवटी इस्राएल. यांपैकी काही कडवी मागाहून घातलेली असावीत असे अनेक अभ्यासक मानतात. परंतु आज जी रचना आपल्यापुढे आहे तिचा परिणाम त्या क्रमातच आहे. पहिल्या सातही ठिकाणी शिक्षा एकच: तटाला किंवा नगराला आग लागेल आणि ती तेथील 'अर्मनोत' खाऊन टाकील. या शब्दाला 'राजवाडे' हा प्रतिशब्द नेहमी दिला जातो. मला 'गढ्या' अधिक जवळचा वाटतो, कारण तिसऱ्या अध्यायात आमोसच सांगतो की, या वास्तूंत लूट आणि जुलूम साठवून ठेवलेले आहेत. तेव्हा आग लागते ती सरसकट माणसांना नव्हे, लूट साठवण्याच्या जागेला. हा नेमकेपणा 'राजवाडे' या शोभिवंत शब्दात हरवतो.

आणि ही आग त्या काळच्या श्रोत्याला प्रतीक वाटणे शक्यच नव्हते. अश्शूरचे राजे आपल्या कोरीव लेखांतून नगरे पाडल्याची, उद्ध्वस्त केल्याची आणि जाळल्याची ग्वाही एका ठराविक साच्यात पुनःपुन्हा देतात. इ. स. पूर्व ७०१ मध्ये सन्हेरीबाने यहूदातील लाखीश घेतले; निनवे येथील त्याच्या राजवाड्यातील शिल्पपट आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. त्यांत तटावरून पेटती कोलिते खाली फेकली जात आहेत आणि आपले तटफोडे यंत्र जळू नये म्हणून अश्शूरी सैनिक त्यावर पळ्यांनी पाणी ओतीत आहेत. लाखीशच्या उत्खननात त्या काळचा जळालेला थरही मिळाला आहे. आमोस या घटनेच्या अर्धशतकभर आधीचा, पण वेढ्याची आग त्याच्या पिढीला अपरिचित नव्हती. त्याने काय केले? सम्राटाच्या तोंडचे वाक्य काढून घेतले आणि ते यहोवाच्या तोंडी घातले. जाळण्याचा अधिकार विजेत्याचा नाही, न्यायाधीशाचा आहे, असे त्या बदलाने सांगितले जाते. त्यातही मवाबाचा गुन्हा पाहण्यासारखा आहे: त्याने अदोमाच्या राजाची हाडे जाळून चुना केला. हा अपराध इस्राएलाविरुद्ध नाही, एका परक्याने दुसऱ्या परक्याविरुद्ध केलेला आहे. तरीही खटला उभा राहतो, आणि आगीच्या गुन्ह्याला आगीचेच फळ मिळते.

सात वेळा हे ध्रुवपद ऐकून श्रोत्याचा कान आठव्याची वाट पाहू लागतो. आणि आठव्या वेळी आग येत नाही. इस्राएलाच्या वाट्याला येते ते लांबलचक आरोपपत्र. रुप्यासाठी विकलेला नीतिमान, पायताणाच्या जोडासाठी विकलेला दरिद्री, वेदीशेजारी गहाण वस्त्रांवर लोळणारे धनको. आणि मग पेंढ्यांनी लादलेल्या गाड्याची एक दुर्बोध प्रतिमा. शेजाऱ्यांच्या घरी आग लागलेली पाहून माना डोलावणाऱ्यांना कवीने त्यांच्या स्वतःच्या अंगणात आणून सोडले आहे, आणि तेथे ओळखीचे ध्रुवपद देऊन त्यांची सुटका केलेली नाही. आग सर्वत्र आहे असे म्हणणाऱ्या टीकाकारांनी ती जेथे मुद्दाम नाही तेथे थांबून पाहिलेले फारसे आढळत नाही.

आमोसाच्याच सातव्या अध्यायातील दर्शनात आग आणि खटला एकाच शब्दसमूहात येतात. परंपरागत हिब्रू पाठाप्रमाणे यहोवा आगीच्या द्वारे 'रीब' करण्यास, म्हणजे फिर्याद चालवण्यास, बोलावतो. हा प्रयोग इतका चमत्कारिक वाटतो की, अक्षरे निराळी तोडून 'आगीचा पाऊस' असा पाठ काही विद्वानांनी सुचवला आहे. सूचना बुद्धिमान आहे. पण चमत्कारिकपणा हाच पाठ सोडून देण्याचे कारण मानला तर या कवींची पुष्कळशी प्रतिमासृष्टी सोडून द्यावी लागेल. ती आग महासागर शोषून शेताकडे वळते तोच आमोस मध्ये पडतो: याकोब लहान आहे, तो कसा टिकाव धरील? आणि यहोवा माघार घेतो. ज्या आगीशी वाद घालता येतो ती नियती नव्हे. नरकाग्नीच्या कल्पनेत अशा मध्यस्थीला जागाच नाही.

येथवर वेढ्याची आग झाली. दुसरी आग कारागिराची. आणि शुद्धीकरणवाद्यांचा सारा भर हिच्यावर असल्यामुळे हिच्यापाशी अधिक रेंगाळणे प्राप्त आहे. यशयाच्या पहिल्या अध्यायात यरुशलेमाचे रुपे हिणकस झाले आहे. सरदार चोरांचे सोबती, लाचेचे भुकेले. पोरक्यांचा न्याय होत नाही, विधवेची फिर्याद त्यांच्यापर्यंत पोचत नाही. यहोवा ते हीण गाळून काढील. पण गाळून झाल्यावर काय उरते? लगेच पुढचे वचन पाहावे: पूर्वीसारखे न्यायाधीश. शुद्ध झालेला आत्मा नव्हे, सुधारलेली न्यायसभा! या आगीचे फलित नगराच्या वेशीत दिसावयाचे आहे. मलाखीच्या तिसऱ्या अध्यायातही हेच. तेथे यहोवा रुपे गाळणाऱ्यासारखा बसतो. या बसण्यावरून, गाळणाराला रुप्यात आपला चेहरा दिसेपर्यंत तो मूस उतरवीत नाही, अशी एक गोड कथा प्रवचनांतून ऐकू येते. ग्रंथात ती नाही. ग्रंथात दोनच वचने ओलांडल्यावर येते ती मजुराची बुडवलेली मजुरी, विधवा, पोरका आणि परदेशी.

आणि गाळण्याने रुपे मिळतेच असे कोणी सांगितले? यिर्मयाच्या सहाव्या अध्यायाच्या अखेरीस जे रूपक आहे त्याची धार समजण्यास त्या काळची रीत ठाऊक असावी लागते. रुपे असलेल्या धातूत शिसे घालून भात्याने वारा देत तापवीत. शिशाची राख होताना ते इतर हीण धातू आपल्याबरोबर नेई आणि रुपे मागे राही. यिर्मयाच्या ओळींत भाता धापा टाकतो आहे, शिसे संपून गेले आहे, आणि हीण जिथल्या तिथे आहे. गाळणाऱ्याचे कष्ट वाया गेले. उरलेल्या गोळ्याला लोक 'टाकाऊ रुपे' म्हणतील. येथे यिर्मयाकडे सोपवलेले काम गाळण्याचेसुद्धा नाही, कस पाहण्याचे आहे. आपल्याकडे नाणी पारखणाऱ्याला पोतदार म्हणत, तसा तो आपल्या लोकांचा पोतदार नेमला गेला आहे आणि नाणे खोटे आहे एवढाच निर्वाळा त्याला द्यावा लागतो. यहेज्केल बाविसाव्या अध्यायात आणखी पुढे जातो. त्याच्या मुशीत तांबे, कथील, लोखंड, शिसे आहे, मूस म्हणजे यरुशलेम नगर आहे, सर्व वितळतेही. पण रुपे निघाल्याचा उल्लेख शेवटपर्यंत येत नाही.

'तावून सुलाखून निघणे' हा आपला वाक्प्रचार फार सुंदर आहे, पण 'निघणे' हे त्यात आधीच गृहीत धरलेले आहे. मराठी अनुवादकाने या दोन उताऱ्यांत तो वापरला तर तो मूळ कवीच्या नेमके उलट बोलेल. संदेष्ट्यांच्या मुशीत अनिश्चितता खरी आहे. यशयाला आशा आहे, यिर्मयाला ती सोडून गेली आहे, मलाखीला ती पुन्हा धरता येते. नॉर्थ्रॉप फ्राय यांनी 'द ग्रेट कोड' (१९८२) या ग्रंथात बायबलच्या प्रतिमांचा जो एकसंध आराखडा मांडला त्याने वाङ्मयीन समीक्षेचा मोठा लाभ झाला हे नाकारता येणार नाही. परंतु अशा आराखड्यात वेढ्याची आग, सोनाराची आग आणि भाकरीच्या भट्टीची आग एकाच खणात जाऊन बसतात, आणि एका संदेष्ट्याने दुसऱ्याच्या प्रतिमेला दिलेला नकार ऐकू येईनासा होतो.

भाकरीच्या भट्टीवरून एक गोष्ट सांगतो. धातू वितळवण्याच्या भट्टीला हिब्रूत 'कूर' म्हणतात, भाकरी भाजण्याच्या भट्टीला 'तन्नूर'. हा तन्नूर म्हणजे आपल्या हॉटेलांतल्या तंदुराचाच प्राचीन नातलग. मेसोपोटेमियातून निघालेला हा शब्द अरबी-फारसीच्या वाटेने आपल्यापर्यंत आला. होशेय आपल्या सातव्या अध्यायात कटवाल्यांच्या अंतःकरणांना तन्नूर म्हणतो: रात्रभर धुमसत राहणारे, सकाळी भडकणारे. मलाखीचा पेटलेला दिवसही तन्नूरच. त्यात धसकट जळते. काही वितळून निवडले जात नाही. दोन्ही ठिकाणी अनुवादकाच्या हाताशी 'भट्टी' हाच शब्द चटकन येतो, आणि गाळणे व जाळणे यांतला भेद पुसला जातो. त्यासाठी 'मूस' आणि 'तंदूर' हे दोन स्वतंत्र शब्द वापरण्याचे धैर्य दाखवावे, असे मला वाटते. तंदूर हा शब्द धर्मग्रंथात शोभणार नाही हा आक्षेप मी ऐकला आहे. होशेयाला तो शोभला.

तसाच 'मिश्पात' हा शब्द. न्याय, निकाल, रीत, हक्क असा त्याचा पसारा आहे. त्याला 'दंड' म्हटले की पहिली वाट खुली होते. 'न्याय' म्हटले तर शब्द बरोबर पण थंड. 'निवाडा' मात्र निवडण्याच्या कुळातला आहे. धान्यातून खडे निवडणाऱ्या हाताची आठवण त्यात अजून शिल्लक आहे. खळ्यावर दाणे राखून भूस जाळणाऱ्या संस्कृतीच्या भाषेला याहून चांगला सोबती सापडणे कठीण. फादर स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये छापलेल्या ख्रिस्तपुराणात स्वर्गाला वैकुंठ म्हणण्यास मागेपुढे पाहिले नाही. त्यामागे वाचकाला आपल्या घरातून हाताला धरून नेण्याचा विचार होता. पुढे पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल मराठीत आणले, तेव्हा त्यांचा कल साध्या माणसाला कळणाऱ्या भाषेकडे होता. संस्कृतावर एवढे प्रभुत्व असलेल्या विदुषीने तो मार्ग निवडला याचे मोल आपल्या वाङ्मयेतिहासांनी अजून नीट मांडलेले नाही.

नरकाविषयी थोडक्यात. यरुशलेमाच्या दक्षिणेस हिन्नोमाचे खोरे आहे. तेथील तोफेथ या स्थळी मुले अग्नीत अर्पण केली जात, असा यिर्मयाचा आरोप आहे. हे आपण कधी सांगितले नाही, आपल्या मनातही आले नाही, असे तेथे यहोवा म्हणतो. 'गेहेन्ना' हे नरकाचे नाव पुढे या खोऱ्यावरून पडले. तेथे नगराचा कचरा सदैव जळत असे ही सर्वत्र सांगितली जाणारी माहिती मध्ययुगीन टीकाकार दावीद किम्ही याच्या आधी मिळत नाही, तिला प्राचीन आधार नाही. ध्यानात घेण्याजोगे हे की, नरकाच्या नावाचे मूळ देवाने लावलेल्या आगीत नाही, माणसांनी आपल्या मुलांसाठी पेटवलेल्या आगीत आहे. यशयाच्या अखेरच्या वचनात न विझणारी आग आहे खरी. पण ती प्रेतांना लागली आहे, आणि नगराबाहेर पडून लोक ती पाहतात. जिवंत आत्म्यांच्या चिरंतन यातनांचे तपशील पुढच्या काळाचे होत. तेव्हा तेथे रौरव-कुंभीपाकांची भाषा आणणे अनाठायी आहे.

उलट यशयाच्या तेहेतिसाव्या अध्यायात एक विलक्षण प्रश्न आहे. सियोनेतील पापी भयाने विचारतात की, या खाऊन टाकणाऱ्या आगीपाशी आपल्यापैकी कोण वस्ती करू शकेल? वाचकाला वाटते, उत्तर 'कोणी नाही' असे असणार. पण उत्तर येते ते एका माणसाचे वर्णन: जो नीतीने चालतो, जुलमाची कमाई झिडकारतो, लाच घेऊ नये म्हणून हात झटकतो. तो तेथे राहील. म्हणजे आगीत राहता येते. येथे आग दंड नाही, मूसही नाही. ती शेजार आहे. साऱ्या संदेष्ट्यांत मला या एका स्थळाइतके दुसरे कोणतेही स्थळ अस्वस्थ करीत नाही.

राहता राहिली संदेष्ट्याच्या स्वतःच्या तोंडातली आग. यशयाच्या ओठांना वेदीवरचा निखारा लागतो, तो चिमट्याने आणलेला. हा चिमट्याचा तपशील कवीचा की पुरोहिताचा, कोण सांगेल! यिर्मयाचे प्रकरण अधिक कठीण. त्याच्या तोंडातले शब्द आग आणि लोक लाकूड होतील असे त्याला पाचव्या अध्यायात सांगितले जाते; विसाव्या अध्यायात तीच आग त्याच्या हाडांत कोंडली गेली आहे आणि ती आवरता आवरता तो थकला आहे. न्यायाची आग पहिल्यांदा न्याय उच्चारणाऱ्यालाच भाजते. सूडाचे वाङ्मय म्हणून या ग्रंथांची संभावना करणाऱ्यांनी हे स्थळ वाचावे.

आणि छत्तिसावा अध्याय. इ. स. पूर्व ६०४ च्या सुमाराचा हिवाळा, नववा महिना. यिर्मयाने सांगितलेले आणि बारूखाने लिहिलेले वचन मंदिरात शाफानाचा पुत्र गमऱ्या याच्या दालनात वाचले गेले, आणि मग राजा यहोयाकीम याच्यापुढे. तीन-चार रकाने वाचून होताच राजा लेखकाच्या चाकूने ते कापतो आणि आगीत टाकतो, अशी सगळी गुंडाळी संपेपर्यंत. गमऱ्या आणि आणखी दोघे जाळू नका म्हणून विनवतात. ज्याच्यावर निवाडा यावयाचा तो निवाड्याचा कागदच जाळतो. आग येथे प्रतिवादीच्या हातात गेली आहे. यिर्मया पुन्हा सांगतो, बारूख पुन्हा लिहितो, आणि त्या सारखीच आणखी पुष्कळ वचने त्यात घातली गेली असे ग्रंथ नोंदवतो. सुमारे अठरा वर्षांनी, इ. स. पूर्व ५८६ मध्ये, बाबेलच्या सैन्याने यरुशलेम जाळले. १९८२ मध्ये यिगाल शिलो यांच्या उत्खननात दावीदनगराच्या जळालेल्या थरात ५१ मृण्मुद्रा सापडल्या. ज्या दस्तऐवजांना त्या लावल्या होत्या ते त्या आगीत नाहीसे झाले आणि कच्ची माती भाजून पक्की झाली. त्यांतील एका मुद्रेवर शाफानपुत्र गमऱ्याचे नाव आहे. तो बहुधा हाच असावा.

राजापुढे त्या दिवशी जे पेटलेले होते त्याला हिब्रूत 'आख' असा शब्द आहे. हिवाळ्यात खोली उबदार ठेवण्याचे ते पात्र. 'अग्निकुंड' म्हटले की यहोयाकीमाने गुंडाळीचा होम केला असे वाटू लागते. मराठीत त्याला शेगडी म्हणतात. आणि शेगडी म्हटले की हात शेकत बसलेला, वाचणाऱ्याकडे न पाहता चाकू चालवणारा राजा दिसतो.